पाठीवर गोणी घ्या, मग जुन्नर दाखवतो

पायातले बूट काढा. हो, मोजेसुद्धा. मोबाइल, पाण्याची बाटली, उन्हाचा चष्मा सगळं नाणेघाटाखालच्या वैशाखरे गावातल्या या झाडाखाली ठेवा. आपण जातोय तिथं हे झाड अजून रुजलेलंच नाही, त्यामुळं सामान सांभाळायला कुणाला सांगता येणार नाही, तेवढं समजून घ्या.

जुन्नरला आलेला पाहुणा शिवनेरी चढतो, लेण्याद्री आणि ओझरचे दोन गणपती करतो, वाटेत मिसळ खातो आणि संध्याकाळी पुण्याच्या वाहतुकीत जाऊन अडकतो. त्यात काही वाईट नाही. पण या तालुक्यातली आणि शेजारच्या आंबेगावातली गावं रस्त्याच्या फलकावर नुसती नावं म्हणून मागं पळतात, आणि मला तुम्हाला न्यायचंय ते त्या नावांच्या आत. एकच अट. जुन्या काळात पर्यटक नावाचा प्राणी नव्हता. हात हलवत, इकडंतिकडं बघत फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे एक तर चोर, नाहीतर हेर. तेव्हा दर मुक्कामाला तुम्हाला काम करावं लागेल. कुरकुर चालणार नाही.

ही घ्या गोणी. मीठ आहे आत.

रात्रीचा तिसरा प्रहर, चैत्र, आणि काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कल्याण बंदरावरून निघालेला तांडा नाणेघाटाच्या पायथ्याशी आहे. दिवसा हा घाट चढत नाहीत. कातळ तापतो, जनावरं मधेच बसतात आणि एक बैल बसला की मागची सगळी रांग बसते. खाली एक गाढव लंगडलं, त्याचं ओझं वाटून दिलंय आणि तुमच्या वाट्याला हे आलंय. पहिल्या शंभर पावलांत काही वाटत नाही. मग घाम सुटतो, गोणीतलं मीठ त्यात विरघळतं आणि काथ्यानं सोलवटलेल्या मानेवरून खाली ओघळू लागतं. आता कळलं, माणसं एवढ्या घाईनं का चालतात ते? ओझं लवकर टाकायचंय, बाकी काही नाही.

पुढच्या बैलावर सुकट आहे. मागच्या गाढवावर समुद्रापलीकडून आलेला धूप आहे. या दोन वासांच्या मधोमध तुमचं नाक. अंधारात वाट दिसत नाही, तेव्हा पुढचा करतो तेच करा, गाढवाची शेपटी धरा. लाथ बसलीच तर मांडीवर बसेल, तोंडावर नाही. एका गाढवावर गवतात गुंडाळलेले निमुळत्या बुडाचे मातीचे रांजण आहेत, आणि त्यांची तोंडं इतकी घट्ट लिंपलीत की वास येत नाही. त्या काळच्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासवहीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात दारू आहे, आणि इटलीच्या दारूला पसंती आहे अशी नोंदही आहे. या गाढवावरचे रांजण तिथलेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तांड्याचा म्होरक्या त्याच गाढवापाशी सारखा का घुटमळतोय, हा विचार तुमच्या मनात आला असेल तर तो माझ्याही मनात आहे.

कातळ दोन्ही बाजूंनी जवळ येतो. घंटांचा आवाज आता पुढं जात नाही, भिंतींवर आपटून तुमच्याच कानात परत येतो. खोदलेल्या टाक्यापाशी रांग थांबते. ओंजळ घाला. पाणी इतकं गार आहे की दात शिवशिवतात, आणि त्यावर तरंगणारं पान तुम्ही आज बाजूला न करता तसंच गिळता. मग शेवटची चढण. वर आभाळाची एक उभी चीर दिसते, तिच्यातून वारा असा अंगावर येतो की गोणीसकट मागं ढकलतो, आणि तुम्ही पहिल्यांदाच त्या ओझ्याचे आभार मानता.

घाटाच्या माथ्याशी, चिरेच्या कडेला, खोदलेली गुहा आहे. तीन बाजूंनी दगडी बाक आणि बाकांवर नुकतेच उठलेले जकातीचे लोक. एकाच्या गालावर अजून दगडाचा वळ आहे. आज तुम्ही इथं गेलात तर मागच्या भिंतीवर फक्त पावलांच्या खुणा दिसतात आणि त्यांच्या वर कुणाकुणाची नावं. पण आत्ता ते सगळे जागेवर उभे आहेत, चेहऱ्यांसकट: सातवाहन घराण्यातला सिमुक, राजा सातकर्णी, राणी नागनिका, कुमार, आणि एक महारठी. मशालीच्या उजेडात त्यांच्या सावल्या हलतात. तुमच्या पुढचा बैलवाला मान खाली घालतो, पण तो नमस्कार करतोय की जकात कशी चुकवावी याचा विचार करतोय, हे सांगणं कठीण आहे.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं भरून आहेत. कडा अजून धारदार आहेत. बोट फिरवलंत तर पांढरी भुकटी लागेल. राणीनं कुठले यज्ञ केले आणि काय काय दान दिलं याचा तो हिशेब आहे: एकदा ११,००० गाई नि १,००० घोडे, शिवाय हत्ती, वस्त्रं, आणि हजारांच्या हिशेबानं कार्षापण नावाची नाणी. आकडे आकड्यांतच कोरलेत, त्यामुळं आपल्याकडच्या अंकलेखनाच्या फार जुन्या पुराव्यांत या भिंतीची गणती होते. जकात द्यायच्या जागी एवढी संपत्ती वाचायला लावणं यात कुणाचा तरी बारीक डाव असावा, असं मला नेहमी वाटतं. एवढ्या गाई वाटणाऱ्या घराण्यापुढं तुम्ही एका गोणीवरून काय हुज्जत घालणार? बाहेर दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकायचा होता असं जुन्नरकर सांगतात. अभ्यासकांना काय भांडायचं ते भांडू द्या. टाका नाणं. ऐका.

गोणी उतरवा. घाटघरच्या पठारावर उजाडलंय. जीवधनाचा कडा डावीकडं की उजवीकडं हे बघायचं त्राणही तुमच्यात नाही. चालायचं. जुन्नर अजून लांब आहे.

गड दाखवणार नाही असं म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं, पाहुणे गड चढतात. आपण शिवनेरीलाच आलोय, पण शंभर-दीडशे वर्षं पुढं, आणि इथं गड नाहीच. तटबंदी नाही, दरवाजे नाहीत, पाळणा नाही. नुसता डोंगर आहे आणि त्याच्या कुशीतून सकाळपासून टणटण येतेय. तुमच्या हातात पाटी देतो. कपच्या भरायच्या आणि कड्यावरून खाली ओतायच्या. ओतण्याआधी ओरडायचं, कारण खालच्या वाटेनं बाया पाणी घेऊन येतात.

आत शिरा. पहिल्यांदा डोळ्यांत जाते ती धूळ, मग घशात. लेणं वरून खाली खोदतात: आधी छत, मग हळूहळू जमीन. म्हणजे परांची बांधायला नको; ज्या दगडावर पाथरवट उभा असतो तोच उद्या काढायचा असतो. आत्ता छत तुमच्या डोक्याला लागतंय, तेव्हा ओणवंच चाला. तेलाचा दिवा कोपऱ्यात, त्याची काजळी नाकात. पाथरवट बोलत नाहीत, मोजतात. दहा घाव, फुंकर, दहा घाव. बाहेर लोहाराचा भाता चालू आहे. काळा बेसाल्ट छिन्नीची धार बघता बघता खाऊन टाकतो, त्यामुळं लोहाराला उसंत नाही. लाल झालेली छिन्नी पाण्यात गेली की चर्रकन आवाज येतो आणि लोखंडाचा आंबट वास दरीभर सुटतो.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत अशी दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि ती खोदायला पैसा कुणी दिला ते भिंतींनी लिहून ठेवलंय. मला या तालुक्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. राजे कमी, गिऱ्हाईकं जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडं लोकांनी कायमच्या ठेवी ठेवल्यात. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या एका माणसानं दिलंय, सुलसदत्त त्याचं नाव. आणि यवनही आहेत. इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी दिली, चंद नावाच्यानं मानमोडीच्या डोंगरात गर्भद्वार दिलं, आणि चित नावाच्यानं इथं शिवनेरीत भिक्षूंसाठी भोजनमंडप. तो ग्रीक होता, की ग्रीकांच्या वस्तीतला, की नुसता तसा म्हणवून घेणारा, यावर आत्ता डोकं शिणवू नका. सूर्य डोक्यावर यायच्या आत भिक्षूंना जेवायचंय, नंतर त्यांना चालत नाही, आणि त्यांचं उरकल्याशिवाय तुम्हाला मिळणार नाही. पाटी ठेवा, हात धुवा. धुतले तरी भाताच्या पहिल्या घासात कचकच लागेलच. सगळ्यांनाच लागते.

एक सावधगिरी. ते वर कड्याला काळं लटकतंय ना, ते आग्या मोहोळ. धूर करू नका, अत्तर लावलं असेल तर माझ्यापासून लांब राहा. दोन हजार वर्षांत इथलं राज्य कितींदा बदललं, माश्यांचं बदललेलं नाही.

मानमोडीला धावती भेट देऊ. तिथं अंबा-अंबिका गटातलं चैत्यगृह खोदता खोदता अर्धवट सुटलंय, आणि त्या अर्धवट दर्शनी भागावर लोकांनी आपापल्या दानांचे लेख कोरलेत. कोनाचिक नावाच्या श्रेणीतला एक शक उपासक २० निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांपाशी आणि ९ निवर्तनं वडांपाशी दिल्याचं सांगतो. झाडं कुठली हेसुद्धा लिहून ठेवणारा माणूस मला राजापेक्षा जास्त ओळखीचा वाटतो. उद्या बांधावरून भांडण झालं तर काय, हा विचार त्याच्या डोक्यात पक्का होता.

आता पुढं. बरंच पुढं. पेशवाईतली एक भर दुपार, जुन्नर शहर, कागद्यांची आळी.

नाक दाबू नका, लोकांना राग येतो. हा वास कुजलेल्या तागाचा आणि चुन्याचा. जुनी गोणपाटं, दोर, तरटाचे तुकडे कापून भिजवलेत, आणि त्यावर लाकडी ढेकी पडतेय. धप्प. धप्प. एक माणूस पायानं ढेकी दाबतो, दुसरा दोन ठोक्यांच्या मधे हात घालून लगदा सारतो. त्याची बोटं मोजायची इच्छा तुम्हाला झाली असेल, मोजा हळूच. कुटलेला माल कुकडीवर नेऊन धुवायचा, पुन्हा चुना, पुन्हा कुटायचं, पुन्हा नदी. हे चक्र दिवसचे दिवस चालतं. तुम्ही टोपलं डोक्यावर घेऊन नदीवर चाललात तेव्हा त्यातून गळणारं चुन्याचं पाणी कानामागून आत शिरलं. टाचांच्या भेगांना तर आता आठवडाभर आराम नाही.

आळीतला म्हातारा कारागीर हौदाच्या काठावर उकिडवा बसलाय. हौदात पाणी आणि पाण्यात विरघळलेला तो लगदा, पिठासारखा. त्याच्या हातात चौकट, चौकटीवर बारीक काड्यांची जाळी. ती तो पाण्यात तिरपी घालतो, आडवी वर काढतो, एकदा पुढं, एकदा बाजूला हलवतो. पाणी खाली जातं, वर एक ओला थर राहतो. तो अलगद ढिगावर उलटा. पुन्हा. बोलता बोलता, तुमच्याकडं बघत, मधेच पान चघळत. तुम्हाला वाटतं, सोपं आहे.

“बेटा, करके देखो,” तो म्हणतो. आळीतली पोरं गोळा होतात. तुमच्या हातून एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला भोक असा काहीतरी प्रकार निघतो. म्हातारा हसत नाही. तो थर बोटानं उचलून परत हौदात सोडतो. वाया काहीच जात नाही.

तुमच्या लायकीचं काम वेगळं आहे. ओल्या तावांच्या ढिगावर फळी ठेवलीय, त्यावर उभं राहा. नुसतं उभं राहायचं. पाणी चारी बाजूंनी ओघळेल. इथं तुमचं वजन हीच तुमची विद्या. मग एकेक ताव सोडवून घराच्या भिंतीला चिकटवायचा, वाळवायचा, खळ लावायची, पुन्हा वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. दुपार कलते तेव्हा सबंध आळीच्या भिंती पांढऱ्या-पिवळ्या तावांनी भरलेल्या असतात आणि घराघरांतून दगड घासल्याचा एकसुरी आवाज येत असतो. घोटणाऱ्या बाया एकमेकींशी भिंतीपलीकडून बोलतात. सासू, भाव वाढलेलं तेल, कुणाचा ताव आज पिवळा पडला.

हाच तो जुन्नरी कागद. उद्या बैलावरून पुण्याला जाईल. त्याच्यावर कुणी कारकून बोरूनं मोडीत वसुलीचा हिशेब लिहील, कुणी सरदार उसनवारीची विनंती करील, आणि मग रुमालात बांधलेला तो कागद संशोधकाच्या टेबलावर येईपर्यंत पडून राहील. संशोधक अक्षर वाचतात. तुम्ही पुढच्या वेळी तो कागद उजेडाकडं धरून बघा; मधे तागाचा एखादा तंतू दिसला तर समजा, ढेकी मारणाऱ्याचा पाय तेव्हा दमला होता.

चला, हात पुसा. आता डोंगराकडं.

आंबेगाव शोधायला नकाशा काढलात तर गोंधळाल. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि खुद्द आंबेगाव पाण्याखाली. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं तेच गाव तळाशी गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावठाणाच्या खुणा वर येतात आणि लोक त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात. आपण मात्र धरणाच्या आधी पोचलोय. वैशाख संपत आलाय, दुपार आहे, आणि वाराच पडलाय.

वरच्या वाडीवर चला आधी. कारवीच्या कुडाला शेण-मातीचं लिंपण, वर गवताचं छप्पर, आणि अंगणभर हिरवट-काळपट पसरलंय ते बाळहिरडा. महादेव कोळ्यांच्या या वाड्यांना वर्षातून रोख पैसा दिसतो तो मुख्यतः या फळातून. भात खाण्यापुरतं पिकतं. मीठ, मिरची, कापड, पोराच्या लग्नाचं कर्ज यांची भिस्त हिरड्यावर. झाडावर चढून, फांद्या झोडून, टोपल्यांनी कोवळी फळं गोळा करायची आणि कडक उन्हात वाळवायची. हा हिरडा पुढं चामडं कमवायला, रंगाला, औषधाला जातो. या म्हातारीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की भिजला तर काळा पडतो, आणि काळ्याला व्यापारी निम्मा भावसुद्धा देत नाही.

म्हणून ती आभाळाकडं बघतेय. तुम्हीही बघा. भीमाशंकराच्या बाजूनं काळं चढतंय.

पहिला थेंब मातीत पडतो तो वास तुम्हाला आवडतो ना? त्यावर तुम्ही ओळी बिळी लिहिल्या असतील. आत्ता तो वास आला तशी म्हातारी किंचाळते. “आरं, बघतो काय? भर, भर!” आणि वाडी उठते. घोंगड्या, लुगडी, सुपं, इरली, हाताला लागेल ते घेऊन माणसं अंगणात. तुम्ही दोन्ही हातांनी हिरडा ओढताय, नखांत माती जातेय, वाऱ्यानं छपराचं गवत उडतंय, कोंबड्या पायांत येताहेत, एक पोर रडतंय आणि त्याला घ्यायला कुणाचे हात रिकामे नाहीत. गारा. एक कपाळावर बसते. शेवटची टोपली आत गेली आणि आभाळ फाटलं. आत सगळे ओले, एकमेकांना चिकटून उभे. धूर, ओल्या घोंगडीचा उग्र वास, हिरड्याचा तुरटपणा जिभेपर्यंत आलेला. कोपऱ्यात थोडा भिजलाच. म्हातारी तो वेगळा काढते, मग थोडा विचार करते आणि कोरड्यात मधोमध मिसळून टाकते. तुमच्याकडं बघते. तुम्ही काही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच ओझं डोक्यावर घेऊन चिखलातून खाली आंबेगावात. दुकानाच्या ओट्यावर काटा टांगलाय. व्यापारी गोणीत कोपरापर्यंत हात घालतो, बरोब्बर मधोमध, आणि काळी मूठ वर काढतो. म्हातारी त्याच्याकडं बघून हसते, तो तिच्याकडं. मग काटा असा काही झुकतो की भिजलेल्याची सगळी भरपाई होऊन वर त्याचंच राहतं. फसवण्याची ताकद दोघांत समान वाटलेली नव्हती, एवढं मला कळतं. हिशेबातून मागची उचल वजा होते. हातात उरतं ते मीठ, मिरची आणि एक नवं पातळ, तेही उधारीवर.

आता परत जुन्नर तालुक्यात, बेल्हे गावी. इथं सोमवारीच यावं लागतं, बैलबाजार सोमवारचा. आपण थांबणार थोडाच वेळ, कारण धुळीनं तुमचा जीव अर्धा झालाय. शिंगांना हिंगूळ, गळ्यात कवड्या, मागं शेपटी पिळणारी माणसं. इथं कुणी भाव मोठ्यानं बोलत नाही. दोघे हेडे समोरासमोर येतात, हातांवर उपरणं टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं, कुठलं पेर, त्यावर रुपये. चेहरे कोरे. मालक बिचारा दोन्ही चेहऱ्यांकडं आळीपाळीनं बघतो आणि त्याच्याच बैलाची किंमत त्याला सगळ्यांत शेवटी कळते. तुमचं काम: बैलाचा जबडा उघडा. आदत आहे, दोन दाती की जुळलाय, ते सांगा. नाही सांगता येत? मग निदान दोर धरा, आणि त्याच्या मागं उभे राहू नका. भूक लागली असेल तर पलीकडं एका मावशीच्या चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटतेय. लसणाचा ठसका इथवर येतोय. वाटी भरून घ्या, उभ्यानंच खा, जीभ भाजेल.

आणि रात्र काढायची नारायणगावात.

१९६० च्या आसपासचा चैत्र. गावोगावच्या यात्रांचे दिवस, आणि यात्रा म्हटली की रात्री तमाशा पाहिजेच. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. तुम्ही आज एका फडाच्या कनातीत शिरलाय, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्याचा फड, आणि वगात उभी राहणार आहे विठाबाई. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हातून मान मिळवून आलेली. इथं मात्र तिला त्याचा उपयोग शून्य आहे. इथं समोर हजारो पटके-टोप्या बसल्यात आणि त्यांना आवडलं नाही तर ते तसं सांगणार.

बाईमाणूस असाल तर तुम्हाला इथं मला बसवता येणार नाही, हे आधीच सांगतो. त्या काळात या जमिनीवर पुरुषच बसत. लांब उभ्या असलेल्या बैलगाडीवरून, पदर डोक्यावर घेऊन बघा; पुष्कळ जणी तशाच बघत. बाकीचे पुढं घुसा. मांडीला मांडी, पाठीला गुडघा. विडीचा धूर, घाम, गॅसबत्तीचं तापलेलं रॉकेल, गोडीशेव, आणि मधूनच हातभट्टीचा भपका. धूळ एवढी की रंगमंचावरच्या उजेडाला आकार आलाय.

ढोलकी. पहिली थाप छातीत लागते, कानाला नंतर ऐकू येते. हलगी तिच्यावर चढते, मग कडं, मग तुणतुण्याची ती एकच हट्टी तार. गण होतो, गवळण होते, मावशी पुढं येऊन कृष्णाची फजिती करते आणि तुमच्या शेजारचा म्हातारा दात नसलेल्या तोंडानं असा हसतो की त्याला खोकला लागतो. पाठीवर थाप मारा. मग विठाबाई येते. घुंगरांचा आवाज आधी, ती नंतर. ती गाते, कनात लोटते, पटके हवेत उडतात. कुणाचा तरी तुमच्या तोंडावर येऊन पडतो, तेल आणि घाम. दौलतजादाच्या नोटा पुढं सरकतात. वग सुरू होतो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, संपतो तेव्हा कावळे बोलू लागलेले असतात, आणि मधे कधीतरी तुमच्या पायांना मुंग्या येऊन गेल्यात हे तुम्हाला उठताना कळतं.

तिच्याबद्दल एक हकीकत सगळे सांगतात. दिवस भरलेले असताना ती फडावर उभी होती, कळा आल्या, पडद्यामागं गेली, मूल झालं, नाळ दगडानं तोडली आणि परत येऊन तिनं प्रयोग पुरा केला. लोक हे कौतुकानं सांगतात. मला ऐकताना दर वेळी त्या समोर बसलेल्या हजारोंचा राग येतो. त्यांतल्या एकालाही उठून घरी जाता आलं नाही?

सकाळी तुमचं शेवटचं काम. नारायणगावात फडांच्या राहुट्या ओळीनं लागल्यात. प्रत्येकीपुढं सतरंजी, वही, आणि पान लावून बसलेला मॅनेजर. नगर, नाशिक, पुणे, कुठून कुठून गावांचे पंच सुपारी द्यायला आलेत. तुम्ही आता एका गावचे कारभारी आहात; तुमच्याबरोबर आणखी दोघे आहेत, फेटे बांधलेले, आणि खिशात वर्गणीचा पैसा. सावकाश बोला. आधी दुसऱ्या राहुटीत कमी सांगितलंय असं सांगा. तो उठून जायला निघाल्यासारखं करील, तुम्हीही करा. चहा येईल. यात्रेची तारीख ठरते, आकड्यावर अडतं, सुटतं, पुन्हा अडतं.

“माणसं किती येतील?” तुमच्यातला एक विचारतो.

“साठ धरा. जेवण तुमचं, सरपण तुमचं.” मॅनेजर चष्म्यावरून बघतो. “आणि पाणी कुठल्या विहिरीचं देणार ते आत्ताच सांगा.”

तुमचे दोघेही सोबती एकदम घसा खाकरतात. काल रात्री यांचेच पटके उडत होते. गावविहिरीवर फडातल्या लोकांचा पोहरा पडलेला यांना चालणार नाही, हे तुम्हाला त्यांच्या तोंडावर दिसतं, आणि मॅनेजरला ते तुमच्याआधी कितीतरी वर्षं माहीत आहे.

“नदी हाय की जवळ,” एक जण म्हणतो.

मॅनेजर वही पुढं ओढतो, ठरलेल्या आकड्यावर काट मारतो आणि शेजारी नवा लिहितो.

“मग पाणक्याचे वेगळे पडतील,” तो म्हणतो. “इसार काढा.”